जागा बदलली तरी जागाच

माझे वर्णन मलाच करावे लागते याचे वाईट वाटते, पण हे काम दुसऱ्या कोणाला झेपेल असे वाटत नाही. उंची मध्यम, पण उभे राहण्याची पद्धत उंच. कपाळ रुंद, आणि दर वर्षी आणखी रुंद होत जाणारे. नजर अशी, की समोरच्याने काही केलेले नसले तरी आपण काहीतरी केले आहे असे त्याला वाटू लागावे. दुसऱ्यांचे बिंग फोडतो म्हणून लोक मला ‘भिंग’ म्हणतात. काही जण ते कौतुकाने म्हणतात, असे माझ्या मेहुण्याने एकदा मला सांगितले होते. कोण, ते त्याला आठवले नाही.

खाजगी शोधक होण्यापूर्वी मी मोज्यांच्या कारखान्यात जोड तपासनीस होतो. उजवा मोजा कोणता आणि डावा कोणता हे ओळखण्यात माझा हात धरणारा तिथे कोणी नव्हता. मोज्यांमध्ये उजवा-डावा नसतो असे व्यवस्थापकांचे मत होते. त्या मतभेदातूनच मी स्वतंत्र व्यवसायात आलो. माझे कार्यालय आमच्या घराच्या बाल्कनीत आहे. कपडे वाळत घातलेले नसतील तेव्हा तिथे मला कोणीही भेटू शकते.

मेहुणा माझा सहायक आहे. हे मी ठरवलेले नाही, त्यानेही नाही, त्याच्या बहिणीने ठरवले. तो सध्या दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात आहे आणि तो काळ बराच लांबला आहे. त्याच्याकडे स्कूटर आहे. माझ्याकडे बुद्धी आहे. दोन्ही सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, असे तो म्हणतो.

तर सोमवारी सकाळी माझ्या ताईचा फोन आला. आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, त्यामुळे मला तिचे अर्धेच बोलणे ऐकू आले. पण अर्ध्यावरून पूर्ण करणे हाच तर माझा धंदा. ‘जागा आहे’ एवढे स्पष्ट ऐकू आले, आणि मग ‘हलता येणार नाही’. ताईच्या ऑफिसात कोणीतरी जागा बळकावली आहे आणि तिथून हलायला तयार नाही, हे उघड होते. मी मोजपट्टी घेतली, जाड तळाचे बूट चढवले आणि मेहुण्याला स्कूटर काढायला सांगितली.

पुढे कळले ते असे. एक स्विच रात्रंदिवस जागा आहे, तो झोपेपर्यंत मला इथून हलता येणार नाही, म्हणून उद्याच्या जेवणाला माझी वाट बघू नका, एवढेच सांगायला ताईने फोन केला होता. म्हणजे तिने मला बोलावले नव्हते हे खरे. पण काही न बोलावण्यांच्या स्वरातच एक बोलावणे असते.

ताई जिथे काम करते त्या इमारतीत इतरांची माहिती सांभाळली जाते. बँकांचे हिशेब, दवाखान्यांचे अहवाल, लोकांनी काढलेले आणि पुन्हा कधीही न पाहिलेले फोटो, सगळे तिथल्या संगणकांत असते. इमारतीला खिडक्या नाहीत. शोधकाच्या दृष्टीने खिडक्या नसलेली इमारत ही अर्धी कबुलीच असते.

आत माणसापेक्षा उंच अशा काळ्या कपाटांच्या रांगा होत्या. त्यांच्या जाळीदार दारांमागे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पंख्यांचा इतका आवाज होता, की दोन माणसांनी शेजारी उभे राहून भांडण केले तरी ते प्रेमाने बोलत आहेत असे वाटावे. कपाटांच्या पुढच्या बाजूला हुडहुडी भरणारी थंडी होती. ताई जाड जाकीट घालून उभी होती. मला पाहून ती काय म्हणाली ते पंख्यांमुळे ऐकू आले नाही, आणि तिचा चेहरा पाहता ते बरेच झाले.

चहाच्या यंत्राजवळ नेऊन तिने सगळा प्रकार सांगितला. तो मी माझ्या शब्दांत देतो, कारण तिचे शब्द मला नीट कळले नव्हते. मेहुण्याने नंतर समजावले.

त्या कपाटांतल्या प्रत्येक खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक खोटे संगणक राहतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते दिसत नाहीत, त्यांना वजन नसते, पण काम भरपूर असते. (दिसतो, वजन आहे, पण काम नाही, असा एकजण आमच्या घरात आहे. तो हे वाचणार असल्याने अधिक लिहीत नाही.) हे खोटे संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. एक या टोकाच्या रांगेत आणि दुसरा त्या टोकाच्या रांगेत असला, तर त्यांचे बोलणे वाटेतल्या कितीतरी स्विचमधून जाते. स्विच म्हणजे भिंतीवरचे बटण नव्हे. इकडचा निरोप तिकडे पोचवणाऱ्या चपट्या यंत्राला तिथे स्विच म्हणतात. आणि या यंत्राची खोड अशी, की निरोप असो वा नसो, जागे असेपर्यंत ते जवळजवळ तेवढीच वीज खाते.

ताईने वर्षभर डोके खपवून एक पद्धत बसवली होती. ज्या मशीनचे एकमेकांशी फार बोलणे, त्यांना शेजारी शेजारी जागा द्यायची. मग बोलणे जवळच्या जवळ होते, लांबचे स्विच रिकामे पडतात, आणि रिकाम्या स्विचला झोपवता येते. सामान हलवायला टेंपो लागत नाही, कोणाचे काम थांबत नाही आणि वीज वाचते. शाळेत आम्हा भावंडांच्या बाबतीत बाईंनी याच्या बरोबर उलट पद्धत वापरली होती. तिथे वाचली ती बाईंची शुद्ध.

या पद्धतीने शेवटची रांग पूर्ण रिकामी झाली होती. कोण झोपले आणि किती वीज वाचली यावर ताईने लावलेला ‘मोजणी’ नावाचा एक प्रोग्रॅम नजर ठेवून होता. त्या रांगेतले सगळे स्विच गाढ झोपले. एक सोडून. तो सर्वांत जुना. झोपायचा आणि लगेच उठायचा. तो उठला की ज्या मोठ्या स्विचला तो जोडलेला होता त्यालाही जागे राहावे लागायचे, आणि सगळ्यांत जास्त वीज खाणारा तर तोच मोठा. म्हणजे घरातले एक म्हातारे जागे म्हणून सगळ्या वाड्याचे दिवे चालू, असा प्रकार.

गुरुवारी मुख्य कार्यालयातले साहेब पाहणीला येणार होते. पूर्ण रांग झोपलेली दिसली, तर ताईची पद्धत कंपनीच्या सगळ्या केंद्रांत लागू होणार होती. नाही दिसली, तर सगळ्या मशीन पूर्वीच्या जागी जाणार होत्या आणि ताईही तिच्या पूर्वीच्या जागी, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या फोनवर.

हे सांगताना तिने कप इतका घट्ट धरला होता की तो कागदी कप चेपून चहा सांडला. मी त्या क्षणी प्रकरण हाती घेतले. ती नको म्हणाली. मी तिला सांगितले की नात्यातल्या माणसांकडून मी पैसे घेत नाही. बाकीच्यांकडूनही अजून घ्यायची वेळ आली नव्हती, पण ते सांगायचे कारण नव्हते.

माझा पहिला तर्क प्रेमप्रकरणाचा होता. एकमेकांशी फार बोलणाऱ्या दोन मशीनना जवळ आणले, हे ठीक. पण एखादी मशीन कामापुरते एकीशी आणि मनापासून दुसरीशी बोलत असेल तर? तिची ताटातूट झाली असणार, आणि आता ती त्या जुन्या स्विचमार्फत चोरून बोलत असणार. ताई म्हणाली की त्या रांगेत आता एकही मशीन नाही, आणि त्या स्विचमधून कोणाचाही निरोप गेल्याचे पडद्यावर दिसत नाही. मी तिला समजावले की चोरून बोलणे दिसले तर ते चोरून कसले.

मग मी शेवटच्या रांगेच्या टोकाशी असलेल्या एका कपाटासमोर खुर्ची टाकली आणि उलटतपासणी सुरू केली. आधी गोडीत विचारले, मग दरडावले, मग एकदम गप्प बसून पाहिले. भल्या भल्या गुन्हेगारांना ही शांतता असह्य होते. कपाटावर काहीच परिणाम झाला नाही. बऱ्याच वेळाने मेहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “भाऊजी, हे आग विझवायच्या नळकांड्यांचं कपाट आहे.”

तरीच ते इतक्या थंडपणे वागत होते.

दुसरा संशयित एसीवाला होता. सगळे जाकिटात कुडकुडत असताना हा गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कपाळावर घाम घेऊन फिरत होता. थंडीत घाम दोनच प्रकारच्या माणसांना येतो, एक तापवाला आणि एक अपराधी. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्याने मला दंडाला धरून कपाटांच्या मागच्या बाजूला नेले. तिथे संगणकांनी बाहेर सोडलेली गरम हवा भट्टीसारखी अंगावर येत होती, आणि तो सकाळपासून तिथेच काम करत होता. मी त्याला संशयातून मुक्त केले. कसल्या संशयातून, असे त्याने विचारले. मी सांगितले नाही. व्यवसायाचे काही नियम असतात.

मग माझी नजर मौनीवर गेली.

मौनी हा ताईच्या हाताखालचा इंजिनिअर. त्याला हे नाव ऑफिसने दिले होते. त्याची बहुतेक वाक्ये ‘हं’ या एका शब्दाची असत आणि उरलेली त्याहून छोटी. ताईच्या पद्धतीप्रमाणे मशीन हलवण्याचे नाजूक काम त्यानेच केले होते, एकेक करून, एकाही ग्राहकाला धक्का लागू न देता. त्या रांगेत हात घालणारी माणसे दोनच, ताई आणि तो. ताई माझी बहीण. म्हणजे उरला कोण, हे मोज्याच्या कारखान्यातला शिकाऊसुद्धा सांगेल.

मी त्याच्यावर पाळत ठेवली, आणि जे दिसले ते भयंकर होते. त्याचे डोळे लाल होते. तो जांभया दाबत होता. एकदा तो एका कपाटाला कपाळ टेकून, डोळे मिटून कितीतरी वेळ उभा होता. आतल्या मशीनचे बोलणे ऐकत होता, दुसरे काय. दुपारी तो जिन्यात गेला. मी वरच्या वळणावर श्वास रोखून उभा राहिलो. तो फोनवर कुजबुजत होता. त्याच्या तोंडून मी इतके शब्द प्रथमच ऐकत होतो.

“अजून जागीच?” तो म्हणाला. “मग एकदा पडदा ओढून बघ. नाही, तू थकलीस, मला माहितीये. मी लवकर निघतो. मी आलो की बघतो तिच्याकडे.”

अजून जागीच. मला आणखी काय हवे होते? स्विच हा शब्द पुल्लिंगी आहे आणि तो ‘जागी’ म्हणत होता, ही एक बारीक अडचण होती, आणि मेहुण्याने ती लगेच काढली. मी त्याला सांगितले की सराईत गुन्हेगार व्याकरणाचा मागमूस ठेवत नाहीत. पडदा म्हणजे संगणकाचा पडदा. ‘थकलीस’ यावरून बाहेर एक बाई सामील होती, हेही उघड झाले.

साहेब बुधवारीच आले. पाहणीला येणाऱ्याने सांगितलेल्या दिवशी यायचे नसते, अशी त्यांची समजूत असावी. माझा कोट पाहून त्यांना मी बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ वाटलो, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करण्याइतका उद्धट नाही. बैठकीच्या खोलीत ताई त्यांना एक स्विच का जागा आहे हे अजून कळलेले नाही असे प्रामाणिकपणे सांगत होती, आणि साहेबांच्या कपाळावरची आठी वाढत होती. मौनी कोपऱ्यात बसला होता. मी उभा राहिलो.

मी छान बोललो, हे आजही नाकारता येत नाही. लाल डोळ्यांपासून सुरुवात केली, कपाटाला टेकलेल्या कपाळावर आलो, जिन्यातल्या कुजबुजीवर आवाज खाली आणला आणि शेवटी बोट थेट त्याच्यावर रोखले. ताईची पद्धत फसावी म्हणून हाच माणूस तो स्विच जागा ठेवतो, असे मी सांगितले.

सगळे मौनीकडे वळले. तो काहीतरी बोलेल असे मला वाटले होते. गुन्हेगार अशा वेळी बोलतात, त्यासाठी तर एवढे भाषण करायचे. त्याने ताईकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, तोंड उघडले आणि मिटले. मग गळ्यातले ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले, ते टेबलाच्या कडेशी नीट सरळ केले आणि तो निघून गेला. दार त्याने हळू लावले.

मी म्हणालो की ही कबुलीच झाली.  साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. कारण सापडण्यापेक्षा माणूस सापडला की पाहणी करणाऱ्याचे काम लवकर संपते. त्यांनी ते कार्ड बंद करायला सांगितले आणि उद्या दुपारपर्यंत वाट पाहू, असे म्हणून ते गेले.

ताई माझ्याजवळ आली. ती लहानपणापासून माझ्यावर ओरडत आली आहे आणि त्याची मला सवय आहे. या वेळी ती ओरडली नाही.

“तो बोलत नाही,” ती म्हणाली, “म्हणून तुला तो सोपा वाटला.”

एवढे बोलून ती पुन्हा त्या थंड खोलीत गेली. स्विच संध्याकाळीही जागा होता. मौनी तो घरून जागा ठेवत असणार, असे मी म्हणून पाहिले, पण ऐकायला फक्त मेहुणा होता आणि तो स्कूटरला लाथा मारत होता.

जेवताना बायकोने विचारले की आज काय केलेत. मी म्हणालो, प्रकरण सोडवले. मेहुणा ताटातून मान वर न काढता म्हणाला, एका माणसाची नोकरी घालवली. बायकोने सगळी हकिकत त्याच्याकडून ऐकून घेतली. माझी बाजू तिने मागितली नाही. मग माझ्या ताटात वाढत असलेला डाव तिने पातेल्यात परत ठेवला आणि उद्या सकाळी त्याच्या घरी जायचे, एवढेच सांगितले. मी तिला म्हणालो की पुरावे गोळा करण्यासाठी मी तसाही जाणारच होतो. ती म्हणाली, “पुरावे नाही. माफी.”

माफी मागणे हे माझ्या व्यवसायात फारसे येत नाही, त्यामुळे मी रात्री तयारी केली. प्रस्तावना, परिस्थितीचे विवेचन आणि शेवटी खेद, असे तिचे तीन भाग पाडले.

गुरुवारी सकाळी आम्ही त्याच्या दारात उभे होतो. मी बेल दाबणार, तोच आतून दार उघडले आणि एका बाईने माझा हात हवेतच धरला. दुसऱ्या हाताचे बोट तिने ओठांवर ठेवले होते. केस विस्कटलेले, खांद्यावर छोटा टॉवेल, आणि डोळे मौनीच्या डोळ्यांपेक्षाही लाल. ही त्याची बायको. तिने खुणेनेच बूट काढायला लावले आणि कुजबुजत सांगितले की ती आत्ता कुठे झोपली आहे, आवाज करू नका.

“कोण?” मी कुजबुजत विचारले.

“मुलगी,” ती म्हणाली. “दीड महिन्याची आहे.”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या भिंतीकडे पाहिले. तिथे लहान लहान कपडे, टोपडी, आणि मोज्यांचे इवलेसे जोड दोरीवर वाळत होते. जोड नीट जुळवलेले होते. 

मौनी बाहेरच्या खोलीत होता. मला पाहून तो उठला नाही, पण जा असेही म्हणाला नाही. मेहुण्यासाठी त्याने खुर्ची सरकवली. माझी प्रस्तावना कुजबुजत सुरू करायला अवघड होती, तेवढ्यात तो उठला आणि पाय न वाजवता आतल्या खोलीच्या दाराशी गेला. मुलगी खरेच झोपली आहे ना, हे बघायला त्याने दार थोडेसे ढकलले. दार करकरले. आतून आधी एक कुरकुर आली, आणि मग पूर्ण ताकदीचे रडणे.

त्याच्या बायकोने डोळे मिटून भिंतीला डोके टेकले. ती चिडली नव्हती. चिडण्याइतके त्राण तिच्यात उरले नव्हते.

“तू सारखा दार उघडून बघतोस ना, झोपली का, झोपली का,” ती म्हणाली, “म्हणूनच ती उठते. नको ना बघूस. बघितलं नाहीस तर झोपेल.”

मौनी दाराशी हात तसाच धरून उभा राहिला. त्याचे तोंड किंचित उघडे होते. तो बायकोकडे पाहत होता, पण त्याला ती दिसत नसावी. अपराध्याची अशी अवस्था पळून जाण्यापूर्वी होते, हे मला ठाऊक होते, म्हणून मी मेहुण्याला बाहेरच्या दाराशी उभे राहण्याची खूण केली.

तो पळाला नाही. त्याने ताईला फोन लावला.

“आपण त्याला विचारतोय,” तो म्हणाला. पलीकडे ताईने काहीतरी विचारले असावे. “आपलीच मोजणी. झोपलास का, किती वीज घेतोस, हे ती प्रत्येक स्विचला सारखं विचारते. बाकीचे झोपेत उत्तर देतात. हा जुना आहे. याला उत्तर द्यायला उठावं लागतं. आणि मोजणीचं स्वतःचं बोलणं आपण पडद्यावर दाखवतच नाही. हो. आणि तो झोपत नाही म्हणून गेल्या आठवड्यात आपण आणखी लवकर लवकर विचारायला लागलो.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. माझी ताई गप्प बसल्याचे माझ्या माहितीतले हे एकमेव उदाहरण. मग ती म्हणाली, आणि हे फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आले, की मी त्याला हात लावणार नाही, तू ये, साहेबांसमोर तूच कर.

आता सगळे एकदम झाले. मौनी बूट शोधू लागला. मेहुणा, ज्याला मी दाराशी पळपुट्याला अडवण्यासाठी उभे केले होते, त्याने स्कूटरची किल्ली काढली आणि चला म्हणाला. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा चर्र आवाज आला. त्याची बायको रडणारी मुलगी घेऊन बाहेर आली होती. तिने इकडे तिकडे पाहिले, आणि मोकळे हात असलेला माणूस मी एकटाच दिसल्याने मुलगी माझ्या हातात देऊन ती आत धावली.

मी आयुष्यात अनेक अवघड गोष्टी हाताळल्या आहेत. एवढी छोटी एकही नव्हती. मी तिला खांद्यावर घेतले. ती माझ्या कानात रडत होती. काहीतरी बोलायला हवे होते, म्हणून मी माझ्या कारकिर्दीतले सर्वांत थरारक प्रकरण हलक्या आवाजात तिला सांगायला घेतले. मी अजून गुन्ह्यापर्यंत आलोही नव्हतो, तोच रडणे थांबले. तिने माझ्या कोटाची कॉलर मुठीत धरली आणि ती झोपली.

तिची आई हात पुसत बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. हलू नका, अशी तिने खूण केली. मी हललो नाही. खुर्चीच्या अगदी कडेवर होतो, कोपर अधांतरी होते आणि पाठीला रग लागत होती. ती समोर टेकली, दोन मिनिटे बसते म्हणाली, आणि ते वाक्य संपायच्या आत तिची मान बाजूला कलंडली.

अशा रीतीने माझ्या सर्वांत मोठ्या प्रकरणाचा उलगडा झाला, तेव्हा मी तिथे नव्हतो.

काय झाले ते मेहुण्याने नंतर सांगितले. मौनीचे कार्ड बंद होते, म्हणून त्याला दारावर पाहुण्यांचा बिल्ला लावून आत घेतले. आत जाऊन त्याने मोजणीला सांगितले की त्या म्हाताऱ्याला दिवसातून एकदाच विचारायचे, तेही सकाळी. मग तो हात मागे बांधून उभा राहिला. ताई, साहेब, मेहुणा, सगळे त्या एका हिरव्या दिव्याकडे बघत होते. एसीवालाही येऊन थांबला होता. दिवा दोनदा लुकलुकला आणि मालवला. थोड्या वेळाने वरच्या मोठ्या स्विचचाही मालवला. एवढ्या पंख्यांच्या घरघरीत कोणाचे काही ऐकू येणे शक्य नव्हते, तरी सगळे कुजबुजत बोलायला लागले. साहेबांनी कुजबुजत विचारले की खरेच झोपला का, एकदा विचारून बघायचे का. ताई, मौनी आणि एसीवाला तिघे एकदम नको म्हणाले.

जेवणाच्या वेळेपर्यंत साहेबांनी वाट पाहिली. रांग झोपलेलीच होती. ताईची पद्धत सगळ्या केंद्रांत लावायची, असे त्यांनी मुख्य कार्यालयाला तिथूनच कळवले. मौनीचे कार्ड त्यांनी स्वतः परत केले. देताना ते काहीतरी समजुतीचे बोलू लागले, तर मौनी ‘हं’ म्हणाला. मेहुण्याचे म्हणणे असे की तो ‘हं’ नेहमीपेक्षा जरा लांब होता.

यातले मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. खिशातला फोन थरथरत होता आणि मला हात नेता येत नव्हता. ताई असेल, की बायको? चांगले असेल, की वाईट? आयुष्यात प्रथमच माझ्याकडे विचार करायला भरपूर वेळ होता आणि संशय घ्यायला कोणी नव्हते. त्या वेळात मी जिन्यातले बोलणे पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिले. त्यातला प्रत्येक शब्द सरळ होता. व्याकरणसुद्धा बिनचूक होते.

दुपारी दार हळूच उघडून मौनी आत आला. कार्ड त्याच्या गळ्यात होते, त्यावरून मला समजले. त्याने आधी बायकोकडे पाहिले, मग माझ्या खांद्यावरच्या मुलीकडे. दोघी झोपलेल्या होत्या. मी घसा साफ केला. तिन्ही भाग मला पाठ होते. मी तोंड उघडताच त्याने ओठांवर बोट ठेवले.

मग तो आत गेला, एक उशी घेऊन आला आणि माझ्या अवघडलेल्या कोपराखाली सरकवली. ती नीट बसली आहे ना हे बघितले, थोडी वर सरकवली आणि समोर जमिनीवर भिंतीला टेकून बसला.

त्याने मला माफ केले असावे, असा माझा तर्क आहे. माझ्या हातात पुरावा म्हणून एक उशी तेवढी आहे. मेहुणा म्हणतो, ती मुलीची मान अवघडू नये म्हणून होती.